थंड हवेचं ठिकाण

त्या घरातून बाहेर पडलेले दात आजवर कधी परत आले नव्हते. माणसं परत यायची. आभार मानायला यायची, दारातच सफरचंद चावून दाखवायची. एक आजीबाई तर आत न येता नुसती शीळ घालून निघून गेल्या होत्या, कारण नव्या कवळीने शीळ येते हे त्यांना कुणाला तरी दाखवायचंच होतं. पण दात म्हणून दात, डबीत घालून, डबी रुमालात बांधून, परत आले ते त्या दुपारी पहिल्यांदाच. घेऊन आल्या हेडमास्तरीणबाई. म्हणजे त्या स्वतः कुठल्या शाळेत नव्हत्या, हेडमास्तर त्यांचे यजमान. पण इतकी वर्षं संसार केल्यावर पद थोडंफार अंगाला लागतंच. "तक्रार नाही हं," खुर्चीच्या कडेवर टेकत त्या म्हणाल्या. "चावता येतं, बोलता येतं, रागावता तर फारच छान येतं. फक्त हे हसले ना, की मला कळत नाही, आमच्या घरात हे कोण हसतंय." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच्या दातांनी मनापासून हसल्या. घरच्या बाईने डबी उघडली. कवळी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, परत डबीत ठेवली. "राहू दे इथे," ती म्हणाली. "बघते." तिचा नवरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसलं नाही, आणि चहा कपातून ट्रेमध्ये सांडला.

मागच्या खोलीत ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत. ती प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर गुलाबी मेणाचा बांध घाली आणि त्या मेणात एकेक दात रोवी. मेणातली कवळी एकदा डॉक्टरकडे जाऊन पेशंटच्या तोंडात बसून येई. तिथे पसंत पडली की मग मेणाच्या जागी पक्की हिरडी. हेडमास्तरांची कवळीही मेणात असताना जाऊन आली होती. तेव्हा ती हेडमास्तरांचीच होती. ती घरी परतल्यानंतर आणि पक्की होण्याआधी, मधल्या कुठल्यातरी दुपारी, पुढच्या दातांतला वरचा डावा दात केसभर फिरला. माणूस बदलायला तेवढं पुरतं. "उकाडा," तो तिला म्हणाला, हेडमास्तरीणबाई जिना उतरत होत्या तेव्हाच. "मेण नरम पडलं असणार. त्या दिवशी कपाटातल्या मेणबत्त्यासुद्धा वाकल्या असतील." "असेल," ती म्हणाली. ती नळाखाली प्लास्टरचा वाडगा धूत होती. मान न वळवता तिने पुढचं म्हटलं: "किंवा हात."

"किंवा" या शब्दाशी त्याचा जन्मभराचा परिचय होता. तो सरकारी कचेरीच्या जागावाटप विभागातून निवृत्त झाला होता. कुणाचं टेबल कुठे, कुठलं कपाट कुठल्या भिंतीला, खिडकी कोणत्या हुद्द्याला, हे ठरवणारा विभाग. तिथे "किंवा" हा शब्द पांघरुणासारखा वापरत. फायलीवर घातला की फाईल झोपी जाई. पण तिच्या तोंडून तो त्याने ऐकला नव्हता. ती "किंवा"वाली बाई नव्हती. दात एक तर बसला आहे नाही तर बसलेला नाही, अशा जगात ती राहायची. आणि लग्नानंतर लगेचच, दुकान रविवारी बंद असतं हे सांगावं तशा आवाजात, तिने त्याला सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी हात चुकायला लागेल त्या दिवशी खोलीला कुलूप. तेव्हा तो हसला होता. तेव्हा त्याला स्वतःचे दात होते, हसण्याला काही जोखीम नव्हती. आता तो पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसून मागच्या खोलीकडे कान लावी, सुरीने प्लास्टर खरवडल्याचा कुर्र-कुर्र आवाज ऐकी, आणि तो आवाज थांबला की पेपर खाली करी. निवृत्तीनंतरचा त्याचा सगळा दिवस त्या आवाजावर टांगलेला होता. आवाज बंद झालेलं घर त्याने मनातल्या मनात एकदा पाहिलं. त्यात सगळं सामान जागच्या जागी होतं, आणि त्याला कुठे बसावं ते कळेना.

मग मेहुणा एसी घेऊन आला. तिचा धाकटा भाऊ. कुठलीही अडचण कानावर आली की तिच्यापेक्षा मोठी वस्तू घेऊन हजर होणारा. "ताईला भेट," तो म्हणाला, "आणि भावजी, आता उकाड्याचं नाव काढायचं नाही." हे त्याने अशा तऱ्हेने म्हटलं की जणू उकाडा हा भावजींच्या बाजूचा नातेवाईक. खोकं घरातल्या बोळात ठेवलं गेलं. जागा ठरेपर्यंत, असं भावजींनी सांगितलं. आणि जागा ठरवणं हे तर त्याचं आयुष्यभराचं काम. खोक्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे, मग फुलदाणी. बोळातून जाताना दोघंही सवयीने अंग चोरू लागली. मेहुण्याचा फोन आला की तो म्हणे, "पाहणी चालू आहे."

पाहणी खरोखरच चालू होती. तो मागच्या खोलीत जाई, हात पाठीमागे बांधून भिंतींपुढे उभा राही, आणि ती मान खाली घालून काम करत असे. दारावरची भिंत मोकळी होती, पण तिथून वारा थेट तिच्या टेबलावर येणार. टेबलावर स्पिरिटचा दिवा, त्याच्या ज्योतीवर ती मेणाची सुरी तापवायची, आणि ज्योत हलली तर सुरी एकीकडे गार एकीकडे गरम. शिवाय वारा लागलेलं मेण एका बाजूने आक्रसतं. खिडकीची भिंत? त्या खिडकीतून येणारा थंड, सावळा उजेड हा तिचा तिसरा हात होता. दातांच्या पांढऱ्यात किती पांढरे असतात ते ती तिथेच ओळखायची: चहा पिणाऱ्याचा पांढरा, रात्रपाळीवाल्याचा पांढरा, आयुष्यभर तोंड मिटून राहिलेल्याचा पांढरा. मेहुण्याच्या भेटीसाठी त्या उजेडातला वीतभर कापणं म्हणजे गवयाला एक कान बंद करून गा म्हणण्यासारखं. उरली तिसरी भिंत. तिथे तोंडं होती.

तोंडं हा त्या घरातला शब्द. बाहेरचे लोक साचे म्हणत. फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, पांढरे, पिवळट, काही चिरलेले. अख्ख्या वस्तीने एकाच वेळी आ वासावा तसे. यातले कितीतरी लोक आता नव्हते. तिने एकही साचा कधी टाकला नव्हता. "तोंडं हलवायची नाहीत" हा घरातला एकमेव कायदा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती, कारण फळीच्या टोकाला त्याच्या आईचं तोंड होतं. आईला ही सून पसंत नव्हती. "लोकांच्या तोंडात हात घालते" असं ती पाहुण्यांना सांगे, जणू सून खिसे कापते. मागच्या खोलीत एक पितळी यंत्र होतं, वरचा आणि खालचा साचा बसवून जबड्यासारखं उघडायचं आणि मिटायचं. आईने त्याचं नाव "सूनबाई" ठेवलं होतं. का, असं कुणी विचारलं की म्हणे, "दिवसभर तोंड उघडतंय आणि मिटतंय, पण मनातलं काही बाहेर येत नाही." सून हे ऐके आणि यंत्राला तेल घाली. मग आईचे स्वतःचे दात गेले. सुनेसमोर तोंड उघडायचं नाही म्हणून आईने कित्येक दिवस पातळ पेज पिऊन काढले, आणि शेवटी एका दुपारी मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, बसली. आत काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. आईचा तरुणपणचा एक फोटो मात्र त्याच्या कपाटातून नाहीसा झाला होता. त्या फोटोत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, आणि ती नव्या कवळीत जशीच्या तशी आली. आई आरशापुढे गेली, ओठ मिटून बाहेर आली, सुनेला चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून ती शेजारणीला सांगत होती की डॉक्टरांनी तपासलं, हे माझे मूळचेच दात निघाले. सून हे ऐकत टेबलाशी बसली होती; आणि त्याने पाहिलं, तिच्या खांद्यांवरून एक हसू जाऊन नाहीसं झालं. एवढ्या पावतीवर ही बाई जन्म काढू शकते, हे त्याला तेव्हा समजलं, आणि त्या दिवसापासून मागच्या खोलीत शिरताना तो चपला बाहेर काढू लागला.

त्याचं स्वतःचं तोंडही त्या फळीवर होतं. हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे सगळे दात गेले. तेव्हापासून तो जे काही बोले, खाई, पुटपुटे, ते तिच्या हातून गेलेलं असे. त्याच्या कवळीत उजवीकडचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर जरासा रेलला होता. त्या दाताचा त्याला विलक्षण अभिमान. जागावाटप विभागात नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ओठ वर करून तो दात दाखवी. "मुद्दाम वाकडा," तो सांगे. "सरळ कुणीही बसवेल. हा माझाच वाटावा म्हणून तिने मुद्दाम वाकडा बसवला. याला म्हणतात कला." या एका दातावर त्याने पुढे कलेचा अख्खा सिद्धान्त उभारला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत लोक त्याला टाळत.

मेकॅनिक आला तेव्हा खोक्यावरची फुलदाणी उचलायला तिघं लागले, कारण तिघांनाही ती आपणच उचलावी असं वाटलं. मेकॅनिक गडगडाटी बोलणारा, कमरेला पट्टा, पट्ट्यात हत्यारं. "काका, दारावर ठोकून टाकू," तो म्हणाला. काकांनी ज्योतीचं कारण सांगितलं. "मग खिडकीवर." काकांनी उजेडाचं सांगितलं. "मग इथे, हे सगळे—" मेकॅनिकने फळीकडे बोट केलं, आणि फळीवरच्या अनेक तोंडांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे कोण?" "तोंडं," तो म्हणाला. "ती हलत नाहीत." मेकॅनिकने डोकं खाजवलं. "काका, असं बघितलं तर एसीला जगात जागाच नाही." "पाहणी अजून चालू—" एवढं तो बोलला आणि तिने मान वर केली. सुरी खाली ठेवून, चष्मा कपाळावर ढकलून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने या विषयात लक्ष घातलं.

"तुम्हाला जागा सापडत नाहीये," तिने विचारलं, "की सापडायला नकोय?"

त्याची दातखीळ बसली. खरंतर ती दातखीळही तिचीच. मेकॅनिक भिंतीवर टकटक करून पोकळ आहे का बघू लागला, किंवा तसं दाखवू लागला. ह्याला एकदम सगळं लख्ख दिसलं, आपल्या हाताने रचलेलं. एसी खोक्यात आहे तोवर उकाडा गुन्हेगार. दात फिरला तर उकाड्याने फिरवला. हात साफ सुटला. एसी भिंतीवर चढला, खोली गार झाली, आणि तरी दात फिरला, तर मग आरोप ठेवायला खोलीत दुसरं कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक भिंतीत त्याने खोट काढली होती. खोटी एकही नव्हती, हेच त्यातलं वाईट. जन्मभर लोकांना खिडक्या नाकारताना जी खरी कारणं दिली, तीच खरी कारणं आता घरी आणून त्याने बायकोभोवती लावली होती, थंडी आत येऊ नये म्हणून. आणि तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. खोक्यावर फुलदाणी कुणी ठेवली, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. म्हणजे तीही टाळत होती. पण ती आता उठली होती, आणि तिच्या उठण्यात भिण्याची एकही सुरकुती नव्हती. "मला कळायला हवंय," ती म्हणाली. "काय ते एकदा कळू दे. टेबलफॅन कुठाय?"

मग त्याने जे पाहिलं ते जागावाटप विभागाच्या कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं. तिने मेकॅनिकला स्टुलावर चढवून त्याच्या हातात टेबलफॅन दिला, ह्याच्या हातात वायर दिली, आणि स्वतः आपल्या जागेवर बसून दिवा पेटवला. "दारावर धरा." ज्योत आडवी झाली. "तोंडांच्या वर." ज्योत सरळ राहिली, मग भिंतीवरून परतलेला वारा आला आणि ती मागून ढकलल्यासारखी झुकली. "काकू, एवढ्याशा ज्योतीसाठी—" "एवढाच तर दात असतो," ती म्हणाली. "मधल्या दारात. नाही. आणखी मागे. आणखी." मेकॅनिक स्टूल घेऊन मागे मागे जात पुढच्या खोलीत पोचला, वायर ताणत हा त्याच्यामागून, आणि शेवटी दोघं त्याच्या खुर्चीवरच्या भिंतीशी आले, जिथे त्याचा पेपर होता, उशी होती, निवृत्ती होती. "आता तोंड माझ्याकडे नको. समोरच्या भिंतीकडे करा." पंखा फिरला. लांबून, दोन खोल्यांच्या दारातून, त्याला तिची ज्योत दिसत होती. ती एकदा किंचित वाकली, कुणी आत आलं म्हणून मान लववावी तशी, आणि मग सुईसारखी उभी राहिली. तिने मानेवर हात ठेवला. "येतंय," ती म्हणाली. "पण पायाचा आवाज न करता."

"काकू, थंडी सगळी या खोलीत राहील," मेकॅनिक ओरडला. "काका गारठतील. तुमच्याकडे उरलीसुरली येणार." "उरलेलीच हवीय," ती म्हणाली. "काय हो, चालेल ना?" आणि त्याने, जन्मभरात पहिल्यांदा, पाहणी न करता जागा मंजूर केली.

ड्रिल सुरू झालं तेव्हा तिने सगळ्या साच्यांवर ओलं फडकं घातलं, धुळीसाठी. तोंडं झाकलेली त्याने प्रथमच पाहिली. संध्याकाळी हेडमास्तरीणबाईंना बोलावणं गेलं. हेडमास्तरांचा हसणारा फोटो आहे का, तिने विचारलं. "त्यांचा?" त्या म्हणाल्या. "शाळेच्या अख्ख्या इतिहासात नाही." मग मीच करून दाखवते म्हणून त्यांनी खुर्चीत ताठ बसून डावा ओठ जरासा उचलला. "असं. पोराने उत्तर बरोबर दिलंय, पण यांना इतक्यात कबूल करायचं नाही, असं." ती टक लावून बघत राहिली. "पुन्हा करा," ती म्हणाली. आणि मागच्या खोलीत एक म्हातारी बाई पुन्हा पुन्हा आपल्या नवऱ्याचं हसू हसत राहिली, आणि दुसरी ते डोळ्यांत साठवत राहिली. तो दारात उभा होता. कलेचा आपला सिद्धान्त त्याला त्या वेळी फार लहान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो एक दात कापून काढला, जागेवर मेण भरलं, आणि सुरी ज्योतीवर धरून दात रोवला. मग सुरीच्या टोकाने मेणावर आणि साच्यावर एक बारीक रेघ ओढली. दात फिरला तर रेघ तुटणार. "आता दुपार होऊ दे," ती म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. त्याच्या डोक्यावर एसी एका सुरात घुमत होता. तो मफलर गुंडाळून, मांडीवर उशी घेऊन, पायमोजे घालून खुर्चीत बसला होता, भर उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी सक्तीने पाठवलेल्या पेशंटसारखा. दारातून ज्योतीची जागा दिसत होती. हात की उकाडा. त्याला वाटलं, आपण आत जावं आणि रेघ बघावी. मग वाटलं, आपण दार लावून घ्यावं, खोली थोडी तापू द्यावी. ही दुसरी कल्पना इतकी सहज आली की त्याने दोन्ही हात उशीखाली दाबून ठेवले.

ती उठली, तोंड धुतलं, आत गेली. त्याने कुर्र-कुर्र ऐकू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. मग तिने हाक मारली. रेघ सलग होती. मेण दगडासारखं, दात जागचा हलला नव्हता. "बघ!" तो म्हणाला. "म्हणजे उकाडाच—" "नीट बघा," ती म्हणाली. "हलला नाहीये. पण मी जिथे म्हटलं होतं तिथे तो बसलेलाच नाहीये. अर्धा केस अलीकडे. सकाळीच." तिने चष्मा काढून पुसला. "उकाडा सुटला. हात आहे."

खोलीत थंडी होती, आणि ती एकदम त्याच्या मफलरच्या आत शिरली. कुलूप या शब्दाला त्याच्या तोंडात जागा होईना. "मग आता—" तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत होती, पण डोळ्यांकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे. "आ करा," ती म्हणाली. त्याने आ केला. तिने हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं, अंगठ्याने ओठ वर केला आणि त्या वाकड्या दाताकडे जुनी ओळख निघावी तशी पाहिलं. "हा बघा. हाही असाच."

"पण तो तर मुद्दाम," तो म्हणाला. तोंडात तिचा अंगठा असल्यामुळे ते वाक्य फक्त स्वरांचं झालं.

"मुद्दाम कसला. तुमच्या आईंनी मागून हाक मारली, हात हलला. तुम्हाला उगीच वाटतं. अख्ख्या ऑफिसला दाखवत फिरलात."

तिने अंगठा काढला. इतक्या वर्षांचा सिद्धान्त, जेवणाच्या सुट्ट्या, टाळणारे लोक, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. "मग सांगितलं का नाहीस? सरळ का नाही केलास?"

"घेतला होता करायला. तुम्ही मेणातली घालून बसला होतात, आणि आईंच्या पुढच्या हाकेला काहीतरी तिरकस उत्तर देऊन हसलात." ती सुरी पुसत होती. "म्हटलं, अरे, हा तर यांचाच. मग नाही हात लावला."

हात तेव्हाही हलला होता. काय राहू द्यायचं ते ओळखणारी नजर मात्र आजही, अर्धा केस अलीकडे, तशीच्या तशी जागेवर होती.

"हेडमास्तरांना मात्र हा चालायचा नाही," ती म्हणाली आणि तो दात मेणातून उपटून काढला. "ते कुणाला माफ करतात? मला मनगटाखाली काहीतरी टेकायला हवं. उंचवटा. लाकडाचा, गुळगुळीत. टेबलावर नेमका कुठे बसवायचा ते सांगा. तुम्ही जागावाले ना?"

"पाहणी," तो म्हणाला, आणि थंडीने त्याचे दात वाजले, "पाहणी करावी लागेल."

ती हसली. मग तोही हसला. घरात कोण हसतंय, ते दोघांनाही ओळखू आलं.